दिवस वजा केल्यावर उरणारे घड्याळ

मेंदूतील घड्याळ कोणालाही थेट वाचता येत नाही. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या दृष्टिचेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, चेतापेशींचा एक इवलासा जोडपुंजका असतो. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये त्यात सुमारे २०,००० पेशी मोजलेल्या आहेत. त्याचे नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस, पण या क्षेत्रात काम करणारे सगळे 'एससीएन' एवढेच म्हणतात. जिवंत, धडधाकट माणसाच्या डोक्यात डोकावून हा पुंजका किती वाजल्याचे दाखवतो आहे हे पाहण्याची सोय नाही. त्यामुळे त्याची वेळ त्याच्या हुकमाने चालणाऱ्या गोष्टींवरून, म्हणजे शरीराचे आतले तापमान, रात्री स्रवणारे मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके आणि माणसाचा सावधपणा यांच्या चढउतारांवरून ताडावी लागते. अडचण अशी की या सगळ्यांवर रोजच्या जगण्याचाही अंमल असतोच. झोप लागली की तापमान उतरते, हालचाल केली किंवा जेवले की चढते, प्रखर दिवा लागला की मेलाटोनिन दबते, नुसते उठून उभे राहिले तरी रक्तातील द्रवाचे प्रमाण बदलून संप्रेरकांची मोजमापे हलतात. यातले घड्याळाचे किती आणि दिवसाचे किती हे वेगळे करायचे, तर दिवसच वजा करावा लागतो. मिल्स, मायनर्स आणि वॉटरहाउस या ब्रिटिश संशोधकांनी १९७८ मध्ये त्यासाठी एक पद्धत मांडली. पुढे तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या आणि आज ती कॉन्स्टंट रूटीन या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. माणसाला चाळीस तासांच्या आसपास सलग जागे ठेवायचे, अर्धवट टेकून बसवायचे, एकाच मंद प्रकाशात ठेवायचे आणि दिवसाचे जेवण सारख्या लहान भागांत वाटून ठरावीक अंतराने द्यायचे. एवढे करूनही ज्याचा चढउतार शिल्लक राहतो, ते घड्याळाचे.

अशा एका अभ्यासात मी स्वयंसेवक म्हणून सहभागी झाले, आणि त्यातून जाताना जे पाहिले आणि अनुभवले ते येथे लिहीत आहे.

निवडीचा टप्पा वाटला होता त्याहून किचकट निघाला. रात्रपाळी करणारे, अलीकडच्या काही महिन्यांत अनेक कालविभाग ओलांडून विमानप्रवास केलेले, झोपेची किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणारे असे लोक पहिल्याच चाळणीत गळतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे मेलाटोनिन कमी करतात हे मला ठाऊक होते, पण साध्या वेदनाशामक गोळ्यांनीही, म्हणजे आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिननेही, त्याची पातळी खाली येऊ शकते हे तिथेच कळले. चहा, कॉफी, चॉकलेट, मद्य, तंबाखू हे सारे अभ्यासाच्या आधीपासूनच बंद करावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न असतो: बीजविमोचनानंतर शरीराचे तापमान थोडे चढलेले राहते, म्हणून प्रयोगाची तारीख पाळीच्या चक्राकडे बघून ठरवतात. पूर्वीच्या कित्येक अभ्यासांत केवळ तरुण पुरुषच का घेतलेले दिसतात याचे एक कारण या गैरसोयीत आहे, आणि ते कारण मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. संमतिपत्र सविस्तर होते. कोणतेही कारण न देता कोणत्याही क्षणी बाहेर पडता येईल, असे त्यात ठळक लिहिले होते. त्याच्या खालच्याच परिच्छेदात, आपल्याला जागे ठेवण्यासाठी कर्मचारी बोलतील, प्रश्न विचारतील आणि गरज पडल्यास खांद्याला हात लावून हलवतील, असेही होते. सही करताना या दुसऱ्या वाक्याचे मला हसू आले होते.

त्यानंतर घरी राहून पाळायचा भाग सुरू झाला. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाचे घड्याळ निदान स्थिर असावे, म्हणून आधीचे काही आठवडे झोपेची एकच वेळ ठरवून ती काटेकोरपणे पाळायची असते. मी रात्री १२ ते सकाळी ८ ही वेळ निवडली. मनगटावर हालचाल आणि प्रकाश नोंदवणारे यंत्र होते. त्यावर बाही येऊ द्यायची नाही, कारण मग ते दिवसालाही रात्र समजते. झोपताना आणि उठल्यावर एका ठरावीक क्रमांकावर निरोप ठेवायचा, म्हणजे वहीतली नोंद नंतर मागाहून भरलेली नाही याची खात्री पटते. या यंत्राने मला माझ्या दिवसाविषयी एक गोष्ट दाखवली, ती मला प्रयोगातील बऱ्याच गोष्टींपेक्षा महत्त्वाची वाटते. बाहेर स्वच्छ उन्हात प्रकाशाची तीव्रता ५०,००० ते १,००,००० लक्सपर्यंत जाते. आतल्या दिव्यांखाली ती बहुधा काही शे लक्स असते. डोळा दोन्हीकडे सहज जुळवून घेतो आणि आपल्याला हा फरक शेकडो पटींचा आहे असे मुळीच वाटत नाही. माझ्या आलेखात उन्हाची टोके अगदी थोडी होती, आणि बाकीचा दिवस म्हणजे एक लांबलचक, सपाट संध्याकाळ होती. त्यात सूर्यास्तानंतर दिवे लागले की रात्रही तशीच. कोलोरॅडोमधील केनेथ राइट यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आठवडाभर केवळ सूर्यप्रकाश आणि शेकोटी एवढ्यावर उघड्यावर राहू दिले, तेव्हा त्यांचे अंतर्गत घड्याळ सुमारे दोन तासांनी अलीकडे सरकले. माझा आलेख पाहिल्यावर त्या निष्कर्षाचे नवल उरले नाही.

प्रयोगशाळेतील खोलीला खिडकी नव्हती. घड्याळ, फोन, संगणकाच्या कोपऱ्यातील वेळ, वर्तमानपत्र यांतले काही आत येत नव्हते. कर्मचारी येताना वेळेचा सुगावा लागेल असे काही बोलत नसत. 'शुभ सकाळ' नाही, 'जेवण झाले का' नाही, फक्त 'नमस्कार'. पहिली रात्र जागेची सवय व्हावी म्हणून झोपण्याची होती. दुसऱ्या दिवशी मला माझ्या नेहमीच्या वेळी उठवले गेले आणि डोळे उघडले तेव्हापासून मुख्य प्रयोग चालू झाला. पलंगाची डोक्याकडची बाजू तिरकी उचललेली, त्यावर टेकून बसायचे. पाय खाली सोडायचे नाहीत, नैसर्गिक विधींसाठीसुद्धा नाही. या शेवटच्या गोष्टीची धास्ती सगळ्यांनाच असते, आणि ती काही वेळाने आपोआप जाते, एवढेच सांगते. डोक्यावर आणि डोळ्यांच्या कडांना इलेक्ट्रोड चिकटवलेले होते, कारण माणूस डोळे उघडे ठेवूनही काही सेकंद झोपू शकतो आणि ते मेंदूच्या लहरींवरूनच पकडता येते. तापमानासाठी पूर्वी अशा प्रयोगांत मलाशयात संवेदक ठेवत. आम्हाला गिळण्याची कॅप्सूल दिली होती, जी आतून तापमान प्रक्षेपित करते आणि यथावकाश बाहेर पडते. ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही, अशी सूचना लिहिलेला कागदी पट्टा मनगटावर होता.

खोलीतील प्रकाश १० लक्सच्या खाली होता. सुरुवातीला तो अंधारच वाटतो, थोड्या वेळाने त्यात मोठ्या टायपातील मजकूर वाचता येतो. प्रकाश इतका कमी ठेवण्यामागे इतिहास आहे. माणसाच्या मेलाटोनिनवर प्रकाशाचा परिणाम होत नाही असे बराच काळ मानले जात होते. १९८० मध्ये आल्फ्रेड लूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,५०० लक्सचा प्रकाश रात्री दिला आणि मेलाटोनिन झपाट्याने घसरल्याचे दाखवले. त्यापुढची पायरी डोळ्याच्या आतली आहे. दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकुपेशींखेरीज प्रकाश जाणणाऱ्या आणखी काही पेशी आहेत, त्यांच्यात मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असते आणि त्या थेट एससीएनला जोडलेल्या असतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. काही अंधांना काहीही दिसत नसताना त्यांचे घड्याळ मात्र दिवस-रात्रीशी जुळलेले राहते, ते याच पेशींमुळे. रात्री माझ्याकडे येणाऱ्या साहाय्यिकेच्या हातातील विजेरीवर तांबडी काच का बसवलेली होती, हेही त्यातूनच कळते.

तासातासाने लाळेचा नमुना द्यायचा असे. आधी पाण्याने चूळ, मग थोडा वेळ काहीही न खातापिता बसून राहणे, मग कापसाची छोटी गुंडाळी तोंडात घोळवायची आणि ती पुरेशी भिजली की बोट न लावता सरळ नळीत थुंकायची. नळीवर वेळेऐवजी फक्त सांकेतिक क्रमांक असे. नमुने लगोलग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गोठवले जात आणि पुढे सगळे एकाच खेपेला तपासले जात, म्हणजे एका दिवसाच्या रसायनांचा दुसऱ्या दिवसाच्या रसायनांशी फरक मोजमापात येत नाही. त्या ओल्या कापसात एससीएनचा निरोप ज्या वाटेने पोहोचतो ती वाट फारच वळणाची आहे. मेंदूच्या तळातून तो आधी मणक्यांतील चेतारज्जूत खाली उतरतो, तिथून मानेतील एका चेतागुच्छात येतो, पुन्हा वर कवटीत शिरून पिनियल ग्रंथीला पोहोचतो. ती मेलाटोनिन तयार करून रक्तात सोडते आणि त्याचा थोडा अंश लाळेत झिरपतो. मानेपाशी चेतारज्जूला पूर्ण इजा झालेल्यांमध्ये घड्याळ शाबूत असूनही मेलाटोनिनची लय नाहीशी होते, ती ही वाट तुटल्यामुळे.

संध्याकाळ, किंवा जिला मी संध्याकाळ समजत होते ती वेळ, सोपी गेली. इतकी सोपी की आपल्याला पुढचे जागरण जड जाणार नाही असे वाटू लागले. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ माणसाला सर्वांत नेटाने जागे ठेवण्याचे तास असतात; पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये या वेळेला झोपेचा निषिद्ध पट्टा म्हटले होते. लवकर झोपून उद्याची झोप आधीच वसूल करू म्हणणाऱ्या माणसाला अंथरुणावर तळमळत पडावे लागते ते यामुळे.

मग पट्टा संपला. माझ्या बाबतीत तो हळूहळू संपला नाही, एका चाचणीपासून दुसऱ्या चाचणीपर्यंतच्या अवधीत संपला. सावधपणा मोजण्यासाठी दहा मिनिटांची एक चाचणी ठरावीक अंतराने घेत. पडद्यावर रिकामी चौकट असते. दोन ते दहा सेकंदांच्या दरम्यान कधीही तिच्यात आकडे पळू लागतात आणि ते दिसताच अंगठ्याने कळ दाबायची. आकडा थांबतो, तो आपला प्रतिसाद मिलिसेकंदांत. ताजेतवाने असताना तो २५० च्या आसपास येतो. ५०० च्या पुढे गेला तर ती चूक धरतात. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या चाचणीइतकी कंटाळवाणी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही, आणि तिची सारी ताकद त्या कंटाळ्यात आहे, कारण रस वाटून जागे राहण्याची पळवाट ती ठेवत नाही. त्या खडतर तासांत मी आकडे पळताना पाहत होते. ते मला स्वच्छ दिसत होते, आकडे पळत आहेत म्हणजे कळ दाबायची आहे हेही कळत होते, आणि अंगठा जागचा हलत नव्हता. चारशे, सहाशे, नऊशे. मग कुठूनतरी अंगठा खाली आला. दर वेळी चाचणीनंतर आपल्याला किती झोप येते आहे ते एक ते नऊ या श्रेणीत सांगायचे असे. मी सात सांगितले. साहाय्यिका काही बोलली नाही, तिने आकडा लिहून घेतला. नंतर माझ्या मेंदूच्या लहरींचा पट मला दाखवला गेला तेव्हा त्याच चाचणीच्या मध्यावर काही सेकंदांच्या दोन छोट्या झोपा होत्या. मला त्यांतली एकही आठवत नाही. अपुऱ्या झोपेवर गाडी चालवणाऱ्या माणसाचा 'मी जागा आहे' हा निर्वाळा किती ग्राह्य धरावा, याविषयी माझे मत तेव्हापासून पक्के आहे.

अंगात थंडी भरली होती, आणि खोलीचे तापमान तर बदललेले नव्हते. पोटात ढवळत होते. ठरलेल्या अंतराने येणारा खाण्याचा वाटा गिळवत नव्हता. 'डोळे उघडे ठेवा, माझ्याशी बोला,' असे साहाय्यिका पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मी तिला माझ्या शाळेतील बाकांविषयी काहीतरी सांगत होते.

यानंतर जे घडले त्यासाठीच मी हे लिहायला घेतले. काही तास गेले आणि मी सुधारले. झोप घेतली नव्हती, दिवा वाढला नव्हता, चहा-कॉफी मिळाली नव्हती, पलंगावरून उठले नव्हते. उलट जागे राहण्याचा अवधी वाढतच होता. तरीही आकडे पुन्हा तीनशेच्या घरात आले, थंडी गेली आणि बोलण्यात सलगपणा आला. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेला सिद्धांत मी कितीतरी वेळा वाचला होता: जितके जागे राहाल तितका वाढत जाणारा झोपेचा दाब ही एक प्रक्रिया, त्याच्याशी संबंध न ठेवता चोवीस तासांच्या आसपास फिरणारे घड्याळ ही दुसरी, आणि आपली झोप-जाग ही दोहोंची बेरीज-वजाबाकी. एरवी आयुष्यात ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की वेगळी जाणवण्याचा प्रश्नच येत नाही. सकाळी आपण झोपून उठलेलो असतो, म्हणून बरे वाटण्याचे सगळे श्रेय झोपेला जाते. इथे झोप नव्हतीच. बरे वाटले ते केवळ घड्याळाने सकाळ केली म्हणून. अर्थात पूर्ण बरे वाटले नाही. दाब होताच, आणि दुसऱ्या दिवशीची कामगिरी पहिल्या दिवसाच्या पातळीला एकदाही पोहोचली नाही. पण रात्रीच्या तळापेक्षा, अधिक तास जागी असूनही, ती कितीतरी वर होती.

प्रयोग संपल्यावर मला झोपू दिले गेले. घरी स्वतः गाडी चालवत जाण्यास मनाई होती, ती योग्यच होती. काही आठवड्यांनी निकाल समोर बसून समजावून सांगितला गेला. लाळेतील मेलाटोनिन मंद प्रकाशात प्रति मिलिलिटर ३ पिकोग्रॅमची रेषा ओलांडते तो क्षण घड्याळाची खूण मानतात. माझी रेषा रात्री १० च्या जरा आधी ओलांडली गेली होती. तापमानाचा तळ पहाटे ५ च्या सुमारास होता, म्हणजे अंगात थंडी भरल्याची माझी वेळ आणि हा तळ जवळपास एकावर एक बसले. झोपेच्या दोनेक तास आधी मेलाटोनिन, उठण्याच्या तीनेक तास आधी तापमानाचा तळ: अगदी पुस्तकी मांडणी. प्रश्नावलीत मी उशिरा झोपणाऱ्या, संध्याकाळी खुलणाऱ्या गटात बसले होते, म्हणून हा मध्यम निकाल मला खटकला. संशोधिकेने दिलेले उत्तर मला फार आवडले. ती म्हणाली, 'तुम्ही रात्री १२ ते ८ असे काही आठवडे काटेकोर झोपलात आणि उठल्या उठल्या उजेडात आलात. त्या बाईचे घड्याळ आम्ही मोजले. त्याआधी तुम्ही जशा राहत होता, त्या बाईचे नाही.'

तापमानाचा तळ कळण्याचा व्यवहारातील उपयोग मात्र मोठा आहे. त्या तळाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर पडलेला प्रखर प्रकाश घड्याळाला मागे रेटतो, नंतरच्या तासांत पडलेला पुढे ओढतो. सकाळचे ऊन घ्या, झोप सुधारेल, हा सल्ला सरसकट दिला जातो. ज्याचा तळ पहाटे ४ ला आहे त्याला तो लागू पडतो, पण ज्याचे घड्याळ घसरत जाऊन तळ सकाळी ८ वर आला आहे त्याने ६ वाजता उन्हात जाणे म्हणजे आणखी उशिराची तरतूद करणे होय.

माझ्या घड्याळाचा वेग किती, हा प्रश्न मी शेवटी विचारला. या प्रयोगातून ते सांगता येत नाही. काटे कुठे आहेत ते एका फेरीत दिसते. घड्याळ चोवीस तासांच्या किती मागे-पुढे धावते हे पाहायला बऱ्याच फेऱ्या लागतात, आणि त्या काळात प्रकाशाने त्याला जुळवून घेऊ देता कामा नये. जर्मनीतील अँडेक्स येथे युर्गेन अशॉफ आणि र्‍यूटगर वेवर यांनी १९६० च्या दशकापासून माणसांना भूमिगत घरात कालखुणांवाचून ठेवले, तेव्हा दिवस सरासरी २५ तासांच्या आसपास भरला. मात्र त्या माणसांना दिवे हवे तेव्हा लावण्याची मुभा होती, आणि झोपेआधी लावलेला दिवा घड्याळाला मागे सारतो हे तेव्हा ध्यानात आलेले नव्हते. त्याआधी १९३८ मध्ये नथॅनिएल क्लाइटमन आणि ब्रूस रिचर्डसन यांनी केंटकीतील मॅमथ केव्हमध्ये महिनाभर २८ तासांचा दिवस पाळून पाहिला होता. घड्याळ ज्याच्याशी जुळूच शकत नाही असा दिवस द्यायचा, ही त्यातील कल्पना चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने मंद प्रकाशाची जोड देऊन वापरली आणि १९९९ मध्ये माणसाच्या घड्याळाची एक फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची असल्याचे दाखवले, तरुणांत आणि वृद्धांत जवळपास सारखीच. पुढच्या मोजमापांत स्त्रियांच्या घड्याळाचा वेग पुरुषांपेक्षा थोडा अधिक, म्हणजे फेरी काही मिनिटांनी लहान, असे आढळले. काही मिनिटांचा हा फरक रोज साचतो, म्हणून कोण सकाळचा आणि कोण रात्रीचा हे ठरण्यात त्याचा वाटा असतो.

माझा वेग जाणून घ्यायचा तर मलाही तसेच २८ तासांचे दिवस, खिडकीवाचून, काही आठवडे काढावे लागतील. त्या अभ्यासाचे माहितीपत्रक मी घरी आणले आहे आणि वाचलेही आहे. अर्ज भरलेला नाही.